राघूला भात देऊ नये

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येतो का, हे मी पुष्कळ शोधून पाहिलं आणि कुणी सापडलं नाही. मी शाळेत गणित शिकवते. चुकीचं उत्तर दिसलं की माझा आवाज चढतो, आणि घरी येऊन चप्पल काढली म्हणून तो उतरतो असं नाही. नवऱ्याला सवय झाली आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती कधी झाली नाही. मी बोलायला लागले की ते नुसते गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्याला मी होकार समजत आले.

आई गेल्यावर अण्णा राजाजीनगरच्या घरात एकटे राहायचे. मी त्याच कानडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जयनगरला; दर रविवारी जायचे. धाकटा भाऊ परदेशी नोकरीला निघाला तेव्हा आपला आफ्रिकन पोपट कागदपत्रांसकट अण्णांच्या गळ्यात मारून गेला. राखाडी अंग, लालभडक शेपटी. रंग कुठलाही असो, आमच्याकडे पोपट म्हणजे राघू, तसा हाही राघूच झाला. ह्या वयात ही कटकट कशाला, असं मी म्हटलं. अण्णा म्हणाले, असू दे गं, घरात स्वल्प आवाज राहील.

अण्णा जुन्या वळणाचे. जेवायला बसले की आधी ताटाभोवती पाणी फिरवणार आणि उजव्या अंगाला तूप-भाताचे पाच इवले घास मांडणार. चित्राहुती. देवाचा आणि मुक्या जिवांचा वाटा आधी, मग आपलं जेवण. पूर्वी जेवणं झाली की आई ते घास गोळा करून गच्चीच्या कठड्यावर ठेवायची. आई गेल्यावर ते काम कुणाचंच नव्हतं. राघू आला आणि त्याने तो वाटा आपला मानला. पिंजऱ्यातून उतरून टेबलावर डुलत डुलत यायचा, एकेक घास उचलायचा, आणि पाचही संपल्यावरच आपल्या वाटीतल्या दाण्यांकडे वळायचा. अण्णा तोवर हात आवरून बसायचे. "घे, आधी तू," म्हणायचे. काही महिन्यांत राघूही ते म्हणायला लागला, हुबेहूब अण्णांच्या आवाजात.

एका रविवारी मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्याच आठवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं की मीठ नको, तूप नको, माणसांच्या ताटातलं काहीच नको. झालं. तुम्हाला त्या जिवाला मारायचंय का, हे कुठल्या शास्त्रात बसतं, माझी सातवीतली पोरं तुमच्यापेक्षा लवकर ऐकतात, असं मी काय काय बोलले ते आता लिहिताना लाज वाटते. अण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणाले, "सरी, सरी. नाही देत." पुढच्या रविवारपासून ते पाच घास टेबलावर तसेच राहू लागले आणि राघू पिंजऱ्यात बसून राहू लागला. मला फार बरं वाटलं. आपण बोललो म्हणून झालं, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

दोन वर्षांनी अण्णांचा खोकला सुरू झाला. आधी धुळीचा वाटला, मग पावसाळी वाटला, मग एके दिवशी त्यांना जिना चढवेना. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पक्ष्यांचा. ह्या जातीच्या पोपटाच्या पिसांतून पिठासारखी बारीक भुकटी उडत राहते. ती अण्णांच्या छातीत साठून फुप्फुसं सुजली होती. पक्षी घरात राहिला तर अण्णा राहणार नाहीत, इतक्या स्वच्छ शब्दांत त्यांनी सांगितलं. अण्णांना मी माझ्या घरी आणणार होते, त्यामुळे राघूला माझ्याकडेही थारा नव्हता. मी अण्णांना विचारलं नाही. ते घरी यायच्या आत त्याची सोय लावून मोकळं व्हायचं ठरवलं.

शाळेतल्या एका बाईंनी कनकपुरा रस्त्याच्या पुढची एक जागा सुचवली. एका कुटुंबाने नारळाच्या बागेत प्राण्यांचं उद्यान केलं होतं. म्हातारी सासू फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्या प्रत्येकाचे हात साबणाने धुऊन घ्यायची. तिच्या तावडीतून एकही सुटत नव्हता. मुलगा लोकांच्या खांद्यावर इग्वाना ठेवायचा. सून पक्ष्यांचं बघायची. आत पुण्या-मुंबईकडचे आयटीवाले आईबाप मांडीवर ससे घेतलेल्या पोरांना "बेटा, जेंटली हं, कान नाही ओढायचे" असं सांगत होते आणि स्वतःच त्या सशांना फोटोसाठी उलटेपालटे करत होते. मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात लोक तळहातावर सूर्यफुलाच्या बिया घेऊन उभे राहायचे आणि पोपट येऊन हातावर बसायचे. पोरं किंचाळायची, मग हसायची. पाखरं गुबगुबीत होती, पाणी स्वच्छ होतं. मला तिथे वाईट असं काही दिसलं नाही, आणि आजही मी त्या लोकांविषयी वाईट बोलणार नाही.

ती सून माझ्याच वयाची होती. ती मला अक्का म्हणाली, मीही तिला अक्का म्हणाले. राघूला तिने हातावर घेतलं तेव्हा तो चावला नाही, तिच्या बांगडीकडे बघत राहिला. मी घरून कन्नडमध्ये यादी लिहून आणली होती: कुठल्या बिया, कुठली फळं, हिरवी मिरची आवडते, दुपारी आंघोळ. शेवटची ओळ मी लाल पेनाने लिहून दोनदा अधोरेखित केली होती. राघूला भात देऊ नये.

अक्काने ती ओळ वाचली आणि हसून म्हणाली की दुपारी आमच्याकडे अन्न-सारू, म्हणजे भात आणि सार, होतं, आमची दोन जुनी पाखरं माझ्या ताटाशी येऊन चार शितं खातात, ह्याने मागितलं तर? मी म्हटलं, मागितलं तरी नाही. वर्गात म्हणते तसंच म्हटलं. तिने लगेच मान डोलावली आणि यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली.

अण्णांना हॉस्पिटलात सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की वाटेत ओरडला का. नाही म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या घरी आल्यावर अण्णांचं एक सुरू झालं. दुपारी जेवायला बसले की पाणी फिरवायचे, पाच घास मांडायचे आणि हात आवरून बसायचे. मग विचारायचे, "राघूचं जेवण झालं असेल का गं?" मी म्हणायचे, झालं असेल, तुम्ही जेवा, गार होतंय. रोज हेच. सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा. अजून थोडे दिवस, मग विसरतील, असं मला वाटायचं.

चौथ्या दिवशी अक्काचा फोन आला. "एनू तिंतिल्ला, अक्का." काहीच खात नाही. नवी जागा आहे, डाळिंब देऊन बघा, मिरची द्या, असं मी सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन. त्यांचा डॉक्टर सिरिंजने चोचीत पातळ खाणं घालत होता, तेवढ्यावर राघू तग धरून होता. पण असं किती दिवस चालणार, आपणहून खायला लागला नाही तर जगणार नाही, असं त्या डॉक्टरने सांगितलं होतं.

त्या दुपारी अण्णांनी विचारलं, "जेवला का राघू?" मी म्हटलं, "हो, व्यवस्थित." आता ते अंदाजाचं उत्तर राहिलं नव्हतं, ते खोटं होतं. आजारी माणसाला कशाला सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. आपल्याकडे असंच करतात. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तीही हेच बोलली असती.

पुढच्या शनिवारी मी एकटीच गेले. राघू मोठ्या पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून बसला होता. छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून काढली होती आणि खालची गुलाबी कातडी दिसत होती. मी शेंगदाणे सोलून दिले, पेरूची फोड दिली, मिरचीचं बी काढून दिलं. त्याने एक दाणा पायात धरला, बघितला आणि टाकून दिला. शेजारी एक लहान मुलगी बियांनी भरलेला हात पुढे करून उभी होती. राघू तिच्याकडे वळला, मान तिरकी केली आणि अण्णांच्या आवाजात म्हणाला, "घे, आधी तू." ती मुलगी खूश होऊन हसली.

मला ते वाक्य कुठलं हे माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन वर्षांपूर्वीचं बोलणं बिचाऱ्याच्या अजून लक्षात आहे, एवढंच मला वाटलं, आणि मी बाकावर बसून रडले. अक्काने पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने ती चाचरत म्हणाली की भाताचं एकदा बघू का. मी नाही म्हटलं. आधीच एवढा अशक्त झालाय, त्यात तूप-मीठ नको. हे वाक्य मी तिला समजावून, शांतपणे सांगितलं, ह्याचा मला आता जास्त त्रास होतो. निदान रागाच्या भरात तरी बोलले असते.

पिसांची भुकटी घरात यायला नको म्हणून घरी येऊन आधी डोक्यावरून आंघोळ केली, कपडे भिजत टाकले, मग अण्णांसमोर गेले. मस्त आहे राघू, म्हटलं. वजन वाढलंय त्याचं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, बरं झालं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात असताना बाहेर माझा फोन वाजला आणि बंद झाला. हात पुसत बाहेर आले तर फोन अण्णांच्या हातात होता. अक्काने मला राघूची अवस्था दाखवायला व्हिडिओ कॉल लावला होता आणि उचलला अण्णांनी. ते तिच्याशी कन्नडमध्ये हळूहळू बोलत होते. पडद्यावर राघू टॉवेलात गुंडाळलेला होता. अण्णांनी तिला ठेवतो म्हणून सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तू म्हणालीस वजन वाढलंय."

मी कोरडे झालेले हात पुन्हा पुसले.

"भात दिला का त्याला कुणी?"

"भात कशाला? तो तर तुम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केला होतात ना?"

अण्णांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नव्हता केला."

मग सगळं बाहेर आलं. एक दिवसही बंद केला नव्हता. तुपाचा थेंब आणि मीठ मात्र सोडलं होतं, माझ्या डॉक्टरांचा मान राखून. रविवारी मी यायचे म्हणून तेवढा वेळ राघूला पिंजऱ्यात ठेवायचे, आणि संध्याकाळी मी निघाले की कुकरमधला उरलेला भात ताटात घेऊन हा माणूस पोट भरलेलं असताना पुन्हा जेवायला बसायचा, कारण पाच घास मांडल्याशिवाय पोपट दिवसभर दाण्याला तोंड लावायचा नाही. दोन वर्षं दर रविवारी दोनदा जेवले. मला वाटायचं, एकट्या माणसाला भात जास्त कसा लागतो, आणि त्यावरूनही मी एकदा बोलले होते.

"मग मला सांगितलं का नाहीत? त्याला सोडून आले तेव्हा तरी?"

"तू रागावली असतीस."

ऐंशीच्या घरातला माणूस, त्याने मला मोठं केलं, आणि तो मला घाबरून होता. हे कळायला मला एवढी वर्षं आणि एक पाखरू लागलं. मी तिथेच खुर्चीवर बसले. अण्णांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी लगेच अक्काला फोन करून भात द्यायला सांगितलं. तिने जराही टोचून न बोलता अर्ध्या तासात भात लावला आणि वाटीत घालून पिंजऱ्यात ठेवला. राघूने त्याला चोच लावली नाही. वाटीतलं ते त्याचं नव्हतंच. शुक्रवारी मी रजा टाकली, अण्णांना दुहेरी मास्क लावला आणि गाडीत घातलं. डॉक्टरांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

पिंजऱ्यात नको म्हणून अक्काने चिकूच्या झाडाखाली, उघड्यावर, टेबल मांडून ठेवलं होतं. त्यावर केळीचं पान आणि बिनमिठाचा भात. अण्णा बसले. पाणी नीट फिरवलं, पाच घास नीट मांडले. अक्काने राघूला टॉवेलातून सोडून टेबलाच्या टोकाला ठेवलं. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. दोन पावलं टाकून तो छातीवर आपटला. अण्णा हलले नाहीत. मास्कच्या आतून म्हणाले, "घे, आधी तू."

तो उठला. चालत आला. पहिला घास त्याने उचलला तेव्हा अक्काची सासूही फाटक सोडून आली होती. दुसरा घास खाल्ला. मग बराच वेळ डोळे मिटून बसला, आणि तिसरा खाल्ला. अक्का पदराने डोळे पुसत होती. मला इतका आनंद झाला होता की मी देवाला काय काय कबूल करून टाकलं. आता सगळं ठीक होणार होतं.

तेवढ्यात अण्णांना खोकल्याची उबळ आली. मी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं, असं माझं मीच ठरवलं होतं, आणि वीस होत आली होती. अण्णा, पुरे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, अजून थोडं बसतो. मी म्हटलं, परवा रविवार आहे, परत येऊ, उरलेले अक्का भरवतील, उठा आता. त्यांनी पानाकडे बघितलं, राघूकडे बघितलं आणि उठले. माझं ते नेहमी ऐकतात.

परतीच्या वाटेवर अण्णा फार बोलले. रविवारी अक्काला पाणी फिरवायला शिकवतो, घास केवढे करायचे ते दाखवतो, म्हणजे मग माझी गरज लागणार नाही, तिच्याकडूनही घ्यायला लागेल तो. हुशार आहे. किती दिवसांनी मी त्यांना असं बोलताना ऐकत होते. सिग्नलला थांबल्यावर मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही तसेच घरापर्यंत आलो.

शनिवारी सकाळी अक्काचा फोन आला. अण्णा उठून गेल्यावर तिने उरलेले घास स्वतः राघूपुढे धरले होते. त्याने घेतले नाहीत. नंतर तो आम्ही गेलो त्या वाटेकडे तोंड करून बसला, संध्याकाळी त्याला आत नेऊन ठेवलं, आणि सकाळी पाहिलं तर तो गेला होता. फोनवर ती पुन्हा पुन्हा माझी माफी मागत होती.

अण्णा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. दारात उभी राहून मी विचार केला की आजचा दिवस सांगू नये, उद्या उद्यान बंद आहे म्हणावं, मग कधीतरी सांगावं. पण खोटं बोलायची ताकद आता माझ्यात उरली नव्हती.

"अण्णा, राघू गेला."

त्यांनी पेपराची घडी घातली. ती नीट होईना, म्हणून उलगडून पुन्हा घातली. मग विचारलं, "खाऊन गेला ना?"

"हो. तुमच्या हातचं."

ते खोटं नव्हतं. अण्णांनी मान हलवली, चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी त्यांच्या पायाशी खाली बसले. खालून भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, त्यांना थोडं एकटं राहू द्यावं, चहा करून आणावा. म्हणून मी उठले.

"दोन घास राहिले होते," अण्णा म्हणाले.